गळ्यात बिल्ला, पाय बादलीत

आत्ताच घरी आलेय, गरम पाण्यात पाय टाकून टाईप करतेय. सकाळी साडेसहाला नाशिकच्या गंगापूर रोडच्या हॉलवर हजर, आंतरराष्ट्रीय विकास परिषद, म्हटलं मोठमोठ्या लोकांना ऐकायला मिळेल आणि ड्यूटी मिळाली काय तर रजिस्ट्रेशन टेबल! नावाप्रमाणे लावलेले सगळे बिल्ले कुणीतरी ट्रेसकट सांडले, मग बसा जमिनीवर परत लावत. (कुणीतरी म्हणजे मीच.)

भाषणं फार कानावर पडली नाहीत, संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, ती गाठायला २०३० ची मुदत, स्लाइडवर स्लाइड. पण दुपारी पाहुण्यांच्या बसमधून दिंडोरी तालुक्यात वाघाडला जायला मिळालं, तिथे धरणाच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था करतात, पाणी मोजून घ्यायचं आणि तेवढे पैसे भरायचे. शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळायचा २००५ चा कायदा वगैरे माहिती मी पाठ करून गेले होते.

केनियाच्या एका बाईंनी विचारलं, शेवटच्या शेताला पाणी पोचतं का? मला ‘चारी’ (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) इंग्रजीत सांगताच येईना. तिथल्या एका काकांनी चपलेनेच मातीत रेघ ओढली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि पार टोकाला बोट ठेवून म्हणाले, "आधी हितं, मग वर." बाई खाली बसून बघत राहिल्या, मला काही बोलावंच लागलं नाही!

सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय. असो. उद्या परत साडेसहा, कुणी पंचवटीतून गाडीवर सोडेल का?