लाल जर्सी आणि मोडलेले तह

रविवार, रात्री

ॲरोहेड स्टेडियमवर सामना असला की इथे अमेरिकेत आमच्या कॅन्सस सिटीत सकाळपासून लाल रंग दिसायला लागतो. किराणा दुकानातला कॅशिअर, चर्चमधून बाहेर पडणारे आजी-आजोबा, पेट्रोल पंपावरची पोरं, सगळे चीफ्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जर्सीत. शहराचं हे वेड मला आवडतं. एरवी मान वर करून न बघणारी माणसं त्या दिवशी थांबून बोलतात.

पण मग ढोल वाजतो. हजारो लोक कोपरापासून हात कुऱ्हाडीसारखा खाली आणतात आणि एक सूर धरतात, जुन्या हॉलिवूड सिनेमांत 'रानटी' रेड इंडियन टोळ्या हल्ला करताना वाजायचा तसला. तिथे माझं मन उठतं. आज शेजारच्यांचा पाच वर्षांचा मुलगा आमच्याकडे टीव्हीसमोर तसाच हात हलवत होता. आपण कशाची नक्कल करतोय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मोठ्यांना मात्र कितीतरी वेळा सांगून झालंय.

इथून तासाभराच्या अंतरावर लॉरेन्स गावात हॅस्केल आहे. आज ते अमेरिकेच्या मूलनिवासींचं (ज्यांना आपण रेड इंडियन म्हणायचो) विद्यापीठ आहे, पण 1884 मध्ये सुरू झालं ते मुलांना घरातून उचलून आणायचं, केस कापायचे, त्यांची भाषा बोलू द्यायची नाही, अशा सरकारी निवासी शाळांपैकी एक म्हणून. आवारात दफनभूमी आहे. शंभराहून जास्त मुलांच्या कबरी. त्याच हॅस्केलमधले विद्यार्थी आणि शिक्षक गेली कित्येक वर्षं 'नॉट इन अवर ऑनर' (हा आमचा सन्मान नव्हे) असे फलक घेऊन ॲरोहेडच्या बाहेर उभे राहतात. शेजारून लाल जर्सीवाले जातात, काही जण मुद्दाम तोंडासमोर हात हलवून दाखवतात.

संघाचं नाव कुठून आलं, तर 1963 मध्ये संघ डॅलसहून इथे आणणारे महापौर एच. रो बार्टल यांच्यावरून. त्यांना सगळे 'चीफ' म्हणत. ते गोरे होते. त्यांनी बॉय स्काउटमध्ये मूलनिवासींचे विधी आणि नावं उचलून एक गट काढला होता, तिथलं ते टोपणनाव. ज्यांचा गौरव करतोय म्हणतात, त्यांच्यापैकी एकाही माणसाचा या नावाशी संबंध नाही. 2020 मध्ये क्लबने प्रेक्षकांना पिसांचे टोप घालून यायला बंदी केली. हात हलवणं चालूच आहे.

हा सन्मान आहे, असं सांगणाऱ्यांना मला एक विचारायचंय. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी लंडनमध्ये 'मराठाज' नावाचा क्लब काढला असता, टोपीवर बत्तिशी विचकणारा लालभडक मावळा छापला असता आणि दर शनिवारी गोऱ्या पोरांनी खोट्या मिशा लावून 'हर हर महादेव'ची नक्कल केली असती, तर आपण त्याला सन्मान म्हटलं असतं का? क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने नेमकं हेच केलं. दात दाखवणारा 'चीफ वाहू' हा चेहरा 1947 मध्ये आला, पुढे तो लालभडक झाला आणि 2018 च्या हंगामापर्यंत खेळाडूंच्या बाहीवर राहिला. सत्तर वर्षं! संघाचं 'इंडियन्स' हे नाव बदलून 'गार्डियन्स' झालं ते 2022 च्या हंगामापासून.

सगळ्या मूलनिवासींचं एकच मत आहे असं नाही, हे मला माहीत आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ 'सेमिनोल्स' आहे आणि फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने त्याला रीतसर संमती दिली आहे. तिथे बोलण्याचा अधिकार मला नाही. विचारून घेतलं, त्यांनी हो म्हटलं, विषय संपला. बाकीच्यांनी विचारलं कुठे?

दुपारी मी अमेरिकेने मोडलेल्या तहांबद्दल बोलायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "राग खेळाचा आहे ना, मग त्यात परराष्ट्र धोरण कशाला आणतेस?" मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, भाजी करपत होती. म्हणून इथे लिहितेय.

कारण मूलनिवासी राष्ट्रं हेच अमेरिकेचं पहिलं परराष्ट्र धोरण होतं. 1778 मध्ये फोर्ट पिट इथे लेनापे जमातीशी मूलनिवासींबरोबरचा पहिला लेखी तह झाला. तिथून 1871 पर्यंत 370 च्या आसपास तह झाले, सिनेटने मंजूर केलेले. आपण शाळेत पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह पाठ केले, तसेच दोन राज्यसत्तांमधले तह. तह हा देशाचा सर्वोच्च कायदा आहे असं अमेरिकेच्याच राज्यघटनेत लिहिलंय. आणि तरी ते एकामागून एक मोडले गेले.

1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने साउथ डकोटातले ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटा या मूलनिवासी लोकांना कायमचे दिले. 1874 मध्ये कस्टर या सेनाधिकाऱ्याच्या मोहिमेत तिथे सोनं सापडल्याचं जाहीर झालं आणि 1877 मध्ये डोंगर काढून घेतले. 1980 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बेकायदा बळकावल्याचं मान्य करून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती आजवर घेतलेली नाही. व्याजासकट रक्कम शंभर कोटींच्या वर गेली, आणि इथल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांमध्ये राहणारी ही माणसं म्हणतात, पैसे नकोत, डोंगर द्या. हे वाचल्यापासून माउंट रशमोरला जायचा बेत मी सोडून दिला. चार राष्ट्राध्यक्षांचे ते चेहरे त्याच डोंगरात कोरलेत.

सेमिनोलांचा नेता ओसिओला याला 1837 मध्ये बोलणीच्या पांढऱ्या निशाणाखाली पकडलं आणि काही महिन्यांत तो कैदेतच मेला. अपाचे जमातीच्या जेरोनिमोने 1886 मध्ये शरणागती पत्करली, पुन्हा आपल्या मुलखात परतता येईल या आश्वासनावर. 1909 मध्ये तो फोर्ट सिल इथे मेला तेव्हाही युद्धकैदीच होता. सैन्याला त्याच्या विरोधात वाट दाखवणाऱ्या अपाचे स्काउटांनासुद्धा कैद करून फ्लोरिडाला पाठवलं. आणि 2011 मध्ये ॲबटाबादच्या कारवाईत बिन लादेनसाठी सांकेतिक नाव वापरलं ते जेरोनिमोचं! सैनिक गेले होते ते ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरमधून, तेही एका मूलनिवासी नेत्याचं नाव. अपाचे, चिनूक, कायोवा ही हेलिकॉप्टरं, टॉमहॉक (मूलनिवासींची कुऱ्हाड) हे क्षेपणास्त्र. ज्यांना हरवलं त्यांची नावं शस्त्रांना द्यायची, उरलेली खेळाच्या संघांना.

ही सवय घरात लागली आणि बाहेरही तीच चालते. इराणशी 2015 मध्ये अणुकरार केला, 2018 मध्ये एकतर्फी सोडला, आणि त्यानंतर कराराच्या मर्यादा पाळत नाही म्हणून इराणलाच धारेवर धरलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2023 मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट काढलं तेव्हा बायडेन यांनी ते योग्य ठरवलं. 2024 मध्ये नेतान्याहूंविरुद्ध निघालं तेव्हा तेच न्यायालय निंदनीय झालं, आणि 2025 मध्ये ट्रम्प यांनी त्यावर निर्बंध लादले. रशियाचं तेल घेतलं म्हणून 2025 मध्ये भारतावर जादा 25 टक्के आयातशुल्क लावलं, आणि स्वतः तेव्हाही रशियाकडून युरेनियम आणि खतं घेणं चालू होतं. आपला देशही धुतल्या तांदळासारखा नाही. पण जगाला नियम शिकवण्याचा मक्ता इतक्या मोठ्या आवाजात दुसरं कोणी घेत नाही, म्हणून मला याचा संताप जास्त येतो. मी इथे कर भरते. हे माझ्याही नावावर चाललंय.

वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं उदाहरण तर सारखं आठवतं. मूलनिवासी कार्यकर्त्या सुझन हार्जो आणि इतरांनी 1992 मध्ये 'रेडस्किन्स' (लाल कातडीवाले) या त्यांच्या अपमानकारक नावाविरुद्ध अर्ज केला. तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांनी 2013 मध्ये सांगितलं की नाव कधीही बदलणार नाही. बदललं 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, प्रायोजकांनी पैसे काढून घेण्याची भाषा केली तेव्हा. जे अठ्ठावीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी झालं नाही ते काही दिवसांत झालं. आणि जुलै 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तेच नाव परत आणा, नाहीतर स्टेडियमच्या व्यवहारात आडकाठी घालीन, असं जाहीर लिहिलं. देशाचा प्रमुख, एका संपूर्ण समाजाला दुखावणाऱ्या शिवीसाठी!

आपल्या लोकांचं मौन मला जास्त टोचतं. मंडळाच्या कार्यक्रमात दांडपट्ट्याचं प्रात्यक्षिक बघताना ज्यांचा ऊर भरून येतो, तेच सामन्याच्या पार्टीत हात हलवत असतात. इथे मिसळून जायचं असतं, मला कळतं. पण मिसळायला लाल जर्सी पुरते, कुऱ्हाड लागत नाही.

मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेची यादी आज संध्याकाळी आली. मुलांच्या गटात एका संघाचं नाव 'अपाचे वॉरियर्स' ठेवलंय, बोधचिन्हात पिसांचा टोप आहे. टी-शर्ट अजून छापायला गेलेले नाहीत. समितीतल्या वहिनी सकाळी आठला घरी असतात, तेव्हाच फोन करणार आहे. त्या म्हणतील मुलांनीच नाव निवडलं. मग मुलांना गोळा करा, मी त्यांच्याशी बोलते, असं सांगणार आहे.