बी1.1 लायसन्स हातात येईपर्यंत, माझा अनुभव

एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स संपला की लायसन्स मिळतं असंच मी धरून चाललो होतो. अॅडमिशनच्या वेळी नोकरीची गॅरंटी तेवढी सांगितली होती, पुढचं कुणी नीट बोललंच नाही. लायसन्स देतं डीजीसीए, म्हणजे भारताची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, आणि त्याला मॉड्यूलच्या, म्हणजे एकेका विषयाच्या, परीक्षा पाहिजेत आणि वापरात असलेल्या विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव पाहिजे. मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तरी बी1.1 ला 2 वर्षांचा. बी1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनच्या विमानांच्या देखभालीचं लायसन्स, एव्हिऑनिक्सवाल्यांचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बघणाऱ्यांचं, बी2.

प्रत्येक मॉड्यूलला 75 टक्के लागतात. माझं मॉड्यूल 15, गॅस टर्बाइन, दोनदा राहिलं कारण मी जुने प्रश्न पाठ करत बसलो होतो. मग कॉम्प्रेसर स्टॉल (इंजिनातला हवेचा प्रवाह बिघडणं) का होतो, कमी आरपीएमला ब्लीड व्हॉल्व्ह (जादा हवा बाहेर सोडणारी झडप) उघडा का लागतो हे स्वतः कागदावर काढून काढून समजून घेतलं तेव्हा कुठे निघालं.

मॉड्यूल 9, ह्यूमन फॅक्टर्स, बरेच जण सोपं म्हणून सोडून देतात, तसं करू नका प्लीज. त्यात 1990 ची ब्रिटिश एअरवेजची केस आहे, रात्रपाळीत विंडस्क्रीन बसवली, जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून नवे बोल्ट घेतले, 90 पैकी 84 बोल्ट जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने बारीक निघाले आणि विमान वर गेल्यावर काच उडाली, कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. वाचले ते. हे वाचल्यापासून मी पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये बघितल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा लावत नाही.

माझं खरं नुकसान लॉगबुकने, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीने, केलं. टेक्निशियन म्हणून हँगरमध्ये लागलो, व्हील चेंज, ब्रेक चेंज, फिल्टर, बोरोस्कोपला (इंजिन आतून बघायचा कॅमेरा) मदत, सगळं करायचो पण रात्री तीनला काम संपलं की सही उद्या घेऊ म्हणून झोपायला जायचो. ज्या सरांच्या हाताखाली बहुतेक कामं केली ते नोकरी सोडून गल्फला गेले आणि माझ्या कितीतरी एन्ट्री सहीशिवाय राहिल्या. फोन केला, सर बिचारे चांगले, पण ते म्हणाले आता तिथून मी कशी सही करणार, आणि बरोबरच होतं त्यांचं. तीच कामं परत मिळवून परत लिहिण्यात 8 महिने गेले. सही त्याच शिफ्टला घ्या, टास्क, विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख सगळं तिथल्या तिथे.

लायसन्स आल्यावरही मोठ्या विमानावर लगेच रिलीजची सही (विमान उडायला योग्य आहे ही सही) करता येत नाही, टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाची वेगळी मान्यता, लागतं आणि तेही इंजिनसकट, म्हणजे एअरबस ए320 सीएफएम56 इंजिनवाला वेगळा आणि त्याच्या नव्या निओ मॉडेलमध्येसुद्धा प्रॅट आणि लीप इंजिनवाले वेगवेगळे. खिशातून लाखो रुपये भरून टाइप करण्याआधी कंपनी बाँडवर (ठरावीक काळ नोकरी करायच्या करारावर) करून देते का ते विचारा, मी तसंच केलं, बाँड आहे पण घरच्यांवर कर्ज नाही.

बाहेर जायचं असेल तर युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचं, ईआसाचं, लायसन्स वेगळं, त्याच्या परीक्षा वेगळ्या. मी त्याचं मॉड्यूल 10, विमान वाहतुकीचे कायदे, सुरू केलंय, कायदे तिकडचे असल्यामुळे ते परत शून्यापासून वाचावं लागतंय.