जुन्या गोव्याच्या डोंगरावर शूबर्ट, शूमान आणि मामा

फेब्रुवारीत शुक्रवार ते रविवार अशा तीन दिवसांच्या मैफली होत्या. एक पणजीत, दोन जुन्या गोव्यात. सगळं संगीत युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातलं, ज्याला रोमँटिक काळ म्हणतात ते. मी कोल्हापूरहून गेले आणि मामांना फोंड्याहून सोबत घेतलं. पुढच्या वर्षी अशा मैफलींना जायचा विचार कुणी करत असेल, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझं आजोळ फोंड्याचं. मामांनी आयुष्यभर देवळांच्या उत्सवी नाटकांत पेटी वाजवली. नाट्यसंगीताची साथ हा त्यांचा प्राण. फोनवर म्हणाले, "अगं, मला त्यातलं काय कळणार?" मी त्यांना ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची एक गोष्ट सांगितली. 1820 साली त्यानं कालिदासाच्या शाकुंतलावर ऑपेरा लिहायला घेतला होता, तो अपुराच राहिला. बरोबर साठ वर्षांनी, 1880 मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं. मामा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ये तू. जाऊया."

आधी प्रवासाचं. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं उतरून पत्रादेवीला गोव्यात शिरायचं. पहाटे सहाला निघालात तर वाटेत नाश्ता करूनही दुपारच्या जेवणाला पणजीत पोचता. मुंबईकरांनी कोकण रेल्वेनं यावं आणि तिकीट मडगावचं न काढता करमळीचं काढावं. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला लागूनच आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं बघून घ्या. विमानानं मोपाला उतरलात तर पणजीपर्यंतच्या रस्त्याला तासभर धरा.

मुक्काम पणजीतच करा, मळा किंवा फोंतेन्यासच्या बाजूला. किनाऱ्यावर राहून संध्याकाळी मैफलीला यायचा बेत शनिवार-रविवारच्या गर्दीत हमखास फसतो. पणजीहून जुनं गोवं दहाएक किलोमीटर. रायबंदरवरून जाणारा नदीकाठचा रस्ता धरा. त्याच्या सुरुवातीचा लांबलचक बांध पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये घातलेला आहे, पोंत द लिन्यारिश. एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला मिठागरं. मैफलीला जाताना मन शांत व्हायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. गोव्याचं कार्निव्हल बहुधा याच महिन्यात येतं आणि मिरवणुकीच्या दिवशी पणजीतले रस्ते बंद असतात. तारखा जुळत असतील तर गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा.

शुक्रवारी पणजीत एकट्या पियानोची मैफल होती. जर्मन संगीतकार शूमानची 'लहानपणीची दृश्यं', 1838 सालचे तेरा छोटे तुकडे, आणि मग पोलिश संगीतकार शोपँचे नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाच्या पियानो-रचना. मामा पहिल्या दहा मिनिटांत खुर्चीच्या कडेवर आले. मध्यंतरात म्हणाले, "पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत धरता येतो. याचा स्वर वाजला की विझायलाच लागतो. विझणाऱ्या स्वरांतून हा गातोय कसा?"

नेमका प्रश्न. शोपँ आपल्या शिष्यांना चांगले गायक ऐकायला सांगायचा. डाव्या हातानं लय सांभाळावी, उजव्यानं तिच्यावर मोकळं राहावं, ही त्याची शिकवण. हे मी सांगितलं तेव्हा मामांनी मांडीवर ठेका धरून दाखवला आणि वर एक ओळ गुणगुणली, समेच्या किंचित मागे राहून. म्हणाले, गवई हेच करतो, तबलजी जागचा हलत नाही. मला वाटतं, नाट्यसंगीत आणि भावगीतावर वाढलेल्या माणसाला या संगीतात शिरायला एवढी एक वाट पुरेशी आहे. हार्मनीची, म्हणजे अनेक स्वर एकत्र वाजवण्याच्या शास्त्राची, पुस्तकं नंतर वाचता येतील.

शनिवारी आमची चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये. फोंड्याहून म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारीमार्गे जुनं गोवं वीसेक किलोमीटर. आम्ही मामींच्या हातचं खतखतं खाऊन आरामात निघालो आणि बाणस्तारीच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलो. मैफल मोंत डोंगरावरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, होती. गाडी खाली लावून वर चढेपर्यंत साडेसहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दार बंद होतं. अशा मैफलींत उशिरा येणाऱ्याला मधेच आत सोडत नाहीत. गाण्यांचा एक गट संपला की मगच सोडतात. हा नियम योग्य आहे, आतल्या शांततेसाठीच तो असतो. पण मामांनी चढ चढताना जी धावपळ केली तिचं मला फार वाईट वाटलं. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर एक तास आधी पायथ्याशी पोचा. उतरताना अंधार असतो, टॉर्च हवाच.

शूबर्टची पहिली तीन गाणी आम्ही दाराबाहेर उभं राहून ऐकली. खाली झाडीतून वर आलेला सेंट काजेतान चर्चचा घुमट, मागे मांडवी, पलीकडे दिवाडी बेट. सूर्य पणजीच्या बाजूला उतरत होता. दारातून शब्द येत नव्हते, फक्त आवाजाचा चढउतार येत होता. मामा डोळे मिटून भिंतीला टेकून होते.

दार उघडलं आणि आत जाऊन बसतो तोच 'एर्लक्योनिग' सुरू झालं. जर्मन कवी गटेची कविता. शूबर्टनं चाल लावली तेव्हा, 1815 मध्ये, तो अठरा वर्षांचा होता. वादळी रात्री बाप आजारी मुलाला कवेत घेऊन घोडा फेकतोय. मुलाला पिशाचांचा राजा दिसतो, बापाला दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा, चौघांचे आवाज एकटा गायक काढतो. पियानोवाल्याच्या उजव्या हाताला तोच स्वर तिहेरी लयीत इतक्या वेगानं आपटत राहायचं असतं की मनगट भरून येतं. मुलगा "बाबा, बाबा" म्हणून ओरडतो आणि दर खेपेला त्याची हाक आधीपेक्षा वरच्या स्वरात येते. शेवटी घोड्याच्या टापा थांबतात. पियानो गप्प. बापाच्या कवेतलं मूल मेलेलं होतं, एवढं गायक जवळजवळ बोलून सांगतो. मामांनी माझा हात घट्ट धरला होता.

इथे एक अगदी कामाचा सल्ला. गाण्यांचे भाषांतरित शब्द छापील पत्रिकेत असतात. ते दिवसाउजेडी, आधी वाचून घ्या. मैफलीत कागद चाळू नका. दगडी भिंतींच्या त्या कपेलात कागदाची सळसळसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचते. खोकल्याच्या गोळीचा कागद आधीच काढून ठेवा. फोन सायलेंट नको, बंदच करा.

उत्तरार्धात शूमानचं 'कवीचं प्रेम', जर्मन कवी हायनेच्या कवितांवरची सोळा गाणी. 1840 च्या मे महिन्यातली. तेव्हा शूमान आणि क्लारा यांच्या लग्नाला क्लाराच्या वडिलांचा कडवा विरोध होता, प्रकरण कोर्टात होतं. सप्टेंबरात, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झालं. त्या एका वर्षात शूमाननं शंभराहून जास्त गाणी लिहिली.

पहिलं गाणं मे महिन्याचं. कळ्या उमलल्या, माझ्या मनातही प्रेम उमललं, मी तिला ओढ सांगितली. दीड मिनिटाचं गाणं. आणि ते संपतच नाही. गायक थांबतो, पियानो आपली ओळ वाजवत येतो आणि अशा स्वरसमूहावर सोडून देतो की कान पुढच्या स्वराकडे ताणलेला राहतो. मामा हळूच माझ्याकडे वळले आणि ओठांनी म्हणाले, "सा?"

सा आलाच नाही. दुसरं गाणं सुरू झालं.

रात्री घरी परतलो तेव्हा अकरा वाजले होते. मामांनी पेटी काढली, मामी झोपल्या होत्या म्हणून भाता अगदी हलका ठेवला. ते शेवटचे स्वर ते शोधत बसले. सापडल्यावर पुन्हा पुन्हा वाजवले. म्हणाले, "आपण सगळं सा शी नातं लावून ऐकतो. यानं सा ची आठवण ठेवूनच सा लपवलाय. ती हो म्हणाली की नाही ते त्या कवीला ठाऊक नाही, मग सा कुठून येणार?" या संगीताबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण त्या काळाची ओढ इतक्या थोडक्यात मला कुणी समजावली नव्हती.

रविवारची मैफल दुपारी चारला होती. आम्ही अडीचलाच कपेलात हजर होतो, आणि लवकर जाण्याचं खरं फळ तिथे मिळालं. पियानो जुळवणारे गृहस्थ कामात होते. खाडीकाठची दमट हवा पियानोच्या लाकडात भिनते, लाकूड फुगतं, स्वर हलतात. त्यामुळे प्रत्येक मैफलीआधी जुळवणी करावी लागते. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्यांनी त्यांतल्या दोन तारा रबराच्या पाचरीनं दाबून गप्प केल्या, तिसरी जुळवली, मग पाचर सरकवून दुसरी तार तिच्याशी मिळवायला घेतली. दोन तारांत किंचित फरक असला की आवाजात लाट उठते. किल्ली केसभर फिरली, लाट मंदावली, आणखी मंदावली, थांबली. दोन तारांचा एक स्वर झाला. तंबोऱ्याची जोड जुळताना होतं अगदी तसंच.

मामांना राहवलं नाही. जवळ जाऊन म्हणाले, "मी पेटीचे सूर घासतो. पत्तीच्या टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो." त्या गृहस्थांनी किल्ली हातात तशीच धरून नीट ऐकून घेतलं. जास्त घासलं गेलं तर काय करता, असं विचारलं. मामा म्हणाले, म्हणून तर श्वास रोखून घासायचं. मग त्यांनी मामांना एक पट्टी दाबून धरायला सांगितली आणि पुढचे दोन-तीन स्वर मामांच्या कानाच्या साक्षीनं जुळवले. कोकणी, मराठी, थोडं इंग्रजी असं बोलणं चाललं होतं. निघताना मामांनी हात जोडले, "देव बरें करूं."

मैफल व्हायोलिन, चेलो आणि पियानोच्या त्रिकुटाची होती. आधी क्लारा शूमानची 1846 मधली रचना, मग मेंडेलसोनची 1839 ची. क्लाराचं नाव बहुतेकांना शूमानची बायको म्हणूनच माहीत असतं, म्हणून आग्रहानं सांगते, ती रचना आवर्जून ऐका. व्हायोलिन जी ओळ घेऊन येतं ती पहिल्याच भेटीत ओळखीची वाटते. मेंडेलसोनमध्ये सुरुवात चेलोची, खालच्या गंभीर आवाजात, आणि पियानो मागून लगबगीनं चाललेला. दोन्ही रचनांना प्रत्येकी चार भाग. भाग संपला की टाळ्या वाजवायच्या नसतात, वादकांनी हात पूर्ण खाली घेतले की वाजवायच्या. मनातून दाद निघाली तर आपल्यासारखी मान हलवा, ती कुणालाच खुपत नाही.

जागा निवडताना श्रोत्यांच्या डाव्या हाताची बाजू धरा, पियानोवाल्याची बोटं तिथूनच दिसतात. पेटी, तबला वाजवणाऱ्यांनी तर नक्कीच.

मधल्या मोकळ्या वेळासाठी दोनच गोष्टी सुचवते. जुन्या गोव्यातून फेरीबोटीनं दिवाडीला जाऊन या, पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. आणि फोंड्याकडून येणार असाल तर केरी गावाला वळसा घाला. केसरबाई केरकरांचं हे गाव. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतून जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे आणि बेथोव्हेनच्या उतारवयातल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या एका रचनेतला हळवा भागही आहे. मामांना हे ठाऊक होतं, फक्त दुसरं नाव कुणाचं ते आठवत नव्हतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. मैफलीआधी हलकं खा, पाव-भाजी आणि चहा पुरे. नंतर पणजीत गाड्यांवर रस-आमलेट मिळतं. रविवारी पुष्कळ दुकानं बंद असतात, औषधं वगैरे शनिवारीच घेऊन ठेवा. डोंगरावर संध्याकाळी डास असतात आणि फेब्रुवारीत उशिरा गार वारा सुटतो, पातळ शाल जवळ असू द्या. स्वतःचं वाहन नसेल तर परतीची टॅक्सी जातानाच ठरवा. रात्री बस कमी होतात आणि डोंगराखाली उभं राहून वाहन मिळवणं कठीण जातं. भाड्याची दुचाकी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या.

मी सोमवारी सकाळी निघाले. रविवारी रात्री घाट चढायची घाई करू नका, कान अजून भरलेले असतात. मामा गाडीपर्यंत आले आणि त्यांनी एक कागद दिला. त्यावर त्यांनी त्या पहिल्या गाण्याच्या शेवटच्या ओळीचं नोटेशन लिहिलं होतं, आपल्या पद्धतीनं, सारेगमात. शेवटच्या मात्रेपुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, पुढच्या वर्षीच्या तारखा कळव.