मच्छरदाणीपुढे कॅमेरा आंधळा

लेक दीड महिन्याची झाली. बाळंतपणाला मी आंजर्ल्याला माहेरी आहे. पाळणा माजघरात, स्वयंपाकघर मागे, मधे जाड चिऱ्याची भिंत. लेक रडली तर ऐकू कसं येणार, म्हणून नवऱ्याने पुण्याहून वायफाय कॅमेरा पाठवला. वायफायच्या दोन लहरींपैकी कॅमेरा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो ते बरंच, 5 गिगाहर्ट्झवाला सिग्नल चिऱ्यापुढे हात टेकतो. पासवर्ड आल्याआल्या बदलला, वायर पाळण्यापासून चार हात लांब नेली.

रात्री मोबाइल उघडला तर नुसतं पांढरं धुकं! अर्धा तास सेटिंग्ज चाळल्यावर उलगडलं: मच्छरदाणी. अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आपल्याला ते दिसत नाहीत, पण तो उजेड जाळीवर आपटून परत भिंगात शिरतो आणि जाळीमागचं बाळ गायब. पावसाळ्यात मच्छरदाणी काढायची तर आजी मलाच घराबाहेर काढेल. मग इन्फ्रारेड बंद केलं. म्हणजे खोलीत दिवा आला.

आधी होता पांढरा एलईडी. इतक्या लहान बाळाला दिवसरात्र कळत नाही म्हणतात, खरंय; पण दूध पाजून झाल्यावर झोप उडायची ती माझी. निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, दाबतो, ते आईचंसुद्धा. शिवाय पावसाळी किड्यांची जत्रा. आजीचा जुना झिरो बल्ब नावालाच झिरो, पंधरा वॉट खातो आणि तापतो. शेवटी दापोलीहून अर्ध्या वॉटचा नारिंगी एलईडी आणला आणि पेटाऱ्यामागे जमिनीलगत लावला. उजेड फक्त भिंतीवर पडतो, लंगोट बदलण्यापुरतं दिसतं. किडेही कमी. कॅमेऱ्यात चित्र खरबरीत येतं, पण हात हलला की कळतं.

एवढं जमलं आणि लाइट गेली. राउटर बंद, कॅमेरा बंद. आता मैत्रिणीचा जुना, नुसत्या आवाजाचा बेबी मॉनिटर घेते: माइक पाळण्यापाशी, स्पीकर उशाशी. बॅटरीवर चालतो, इंटरनेट लागत नाही. आवाज वाढला की त्यावरचे दिवे हिरव्याचे लाल होतात. पावसाची सर कौलांवर आली की सगळे लाल, त्यात रडणं कुठलं ओळखू येतंय! मग मी पाळण्याशेजारीच चटई टाकते.

परवा मात्र आळसाने खाटेवरच पडले होते. पहाटे सर एकदम थांबली आणि सगळे दिवे विझले. त्या शांततेनेच मी दचकून उठले, धावले. लेक गाढ झोपलेली. बाहेर पागोळ्या गळत होत्या.