तिकीट काढून बघायचं कामगाराचं घर

बर्मिंगहॅमला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांना आधी कॅडबरी बघायचं असतं. मी त्यांना हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नेतो. तिथं एका चौकाभोवती कामगारांची जुनी घरं आहेत, 'बॅक टू बॅक्स'. दोन घरांत मागची भिंत एकच, म्हणून खिडक्या एकाच बाजूला. वारा आरपार जायची सोयच नाही. एकावर एक तीन खोल्या अन् अंग चोरून चढावा असा जिना. नांदेडच्या मे महिन्यात असं घर बांधणाऱ्यालाच लोकांनी आत कोंडलं असतं.

घरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. धुणं धुवायची खोली अन् संडास चौकात, सगळ्यांत मिळून. शहरातली अशी हजारो घरं पाडली. १९६० च्या दशकात इथलीही बिऱ्हाडं हलली, खालची काही दुकानं तेवढी चालू राहिली. भर शहरात आता हा एकच चौक उरलाय. २००४ पासून नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था तो लोकांना दाखवते.

यांनी सगळ्या गरिबांना एकाच खोलीत कोंबलेलं नाही, हे मला फार आवडलं. प्रत्येक घराला कुटुंब आहे, काळ आहे. १८७० च्या दशकातल्या घरात काचेचे डोळे बनवणारा कारागीर, १९३० च्या दशकातल्या घरात कुलपं बनवणारा. शेवटचं दुकान १९७७ मधलं, कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेल्या जॉर्ज सॉन्डर्स या शिंप्याचं. मशीन, कापड, बेतायचे कागद. मालक चहाला गेलाय अन् आत्ता येईल, असं वाटतं.

खटकतं एवढंच की सगळं फार स्वच्छ आहे. ना ढेकूण, ना वास. त्यातली दोन घरं तर पर्यटकांना मुक्कामाला भाड्यानं देतात!

फोटो पाठवले तर आई म्हणाली, "पैसे देऊन चाळीचे संडास बघू लागलास का? इथं फुकट दाखवले असते की."

तिचं खरंय. आमचे आबा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये साच्यावर होते. मिलच्या भोंग्यावर घरात चूल पेटायची. मिल बंद पडली. आबांचं नाव असलेला एकही कागद आमच्या घरात नाही, अन् नावाशिवाय असं घर उभं करणार कसं? तुमच्या माळ्यावर मिलचा पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. निदान फोटो काढून मला पाठवा.