पिंप नुसतं ओतू नका, घासा
वाघोलीसारखी पुण्याच्या कडेची गावं बघता बघता शहर झाली, नळाचं पाणी मात्र मागे राहिलं. मग टँकर आला, दारोदारी पिंपं आली. डेंगीचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, हवाच.

चूक होते ती इथे: पाणी ओततात, पिंप घासत नाहीत. अंडी पाण्याच्या रेषेलगत आतल्या बाजूला चिकटलेली असतात; कोरडी पडूनही कित्येक महिने तगतात आणि पुन्हा पाणी भरलं की अळ्या बाहेर पडतात. काथ्याने खरवडून घासा, उन्हात वाळवा, मगच भरा आणि घट्ट झाका. बांधकामावर लिफ्टच्या खड्ड्यातही पाणी साचतं, तो आधी तपासा. धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, अळ्या नाहीत.