लोड टाकल्यावर खरं कळतं : आमची वाटचाल

वाईत आमचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान सुरू झालं ते भारनियमनाच्या दिवसांत. 2005 नंतरच्या त्या वर्षांत गावोगाव दहा-बारा तास वीज नसायची. झेरॉक्सवाले, दवाखाने, मंगल कार्यालयं, जो तो दोरी ओढून चालू होणारा छोटा जनरेटर घ्यायचा. चालू पेट्रोलवर करायचा आणि तापला की रॉकेलवर टाकायचा. रॉकेलनं प्लग काळे पडायचे, सायलेन्सर काजळीनं तुंबायचे. कामाला तोटा नव्हता.

पुढे भारनियमन ओसरलं, घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आमच्या धंद्यातली बरीच दुकानं मिटली. आम्ही तगलो ते पसरणी घाटाच्या वरच्या गिऱ्हाइकांवर. पाचगणी-महाबळेश्वरला पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या की वीज कधी येईल याचा नेम नसतो, आणि इन्व्हर्टर किती वेळ पुरणार? तिथल्या घरांना, होमस्टेंना जनरेटर लागतोच. एक तक्रार मात्र तिकडून सारखी यायची : ‘नुसता चालतो झकास, लोड टाकला की बसतो.’ म्हणजे विजेच्या वस्तू जोडल्या की मान टाकतो.

या एका तक्रारीनं आमचं काम करायची पद्धत ठरवली. लोड लावून पाहिल्याशिवाय जनरेटर परत द्यायचा नाही. त्यासाठी एका फळीवर हॅलोजन आणि पाणी तापवायचे हीटर बसवून घेतले. एकेक बटण दाबत जायचं आणि मीटरवर दोन आकडे बघायचे, व्होल्टेज आणि हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता. साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरतं तेव्हा 50 हर्ट्झ मिळतात. रिकामा असताना 51-52 दिसतात, लोडवर थोडे उतरतात, ते ठीक. पण लोडबरोबर हर्ट्झ धाडकन खाली आले तर दुखणं इंजिनात आहे. हर्ट्झ जागेवर आणि व्होल्टेज मात्र 230 वरून 180 ला आलं, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. कपॅसिटर, व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर, कार्बन ब्रश बघायचे. एवढं न बघता कार्बोरेटर खोलत बसणारे कारागीर आहेत, आणि त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो याचं मला वाईट वाटतं.

इंजिन बसत असेल तर आधी हवा अडवणारा चोक अर्धा ओढून बघतो. चोक ओढल्यावर लोड घेतला तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे बहुधा कार्बोरेटरमधला पेट्रोल मापात सोडणारा मेन जेट तुंबलाय. पितळेचा एवढासा तुकडा तो, उजेडाकडे धरला की मधलं भोक दिसायला हवं. ते साफ करायला तांब्याच्या वायरीची एकच तार आणि हवा. सुई घालायची नाही, भोक मोठं होतं आणि जेट कायमचा वाया जातो. अर्ध्या तासानं बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघायचं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल उतरत नाही.

काळा धूर मात्र वेगळं सांगतो. एअर फिल्टर स्वच्छ असूनही धूर येत असेल तर आम्ही विचारतो, जनरेटर कुठे चालवता? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. दर 300 मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के कमी होते, म्हणजे तिथे पंधरा टक्के गेलीच. शिवाय विरळ हवेत तेच पेट्रोल जास्त होतं, प्लग काजळतो. जेट बारीक बसवला की धूर जातो, पण गेलेली ताकद सगळी परत येत नाही. तोच जनरेटर कोकणात न्यायचा तर मूळ जेट परत बसवावा लागतो, नाहीतर इंजिन तापतं. म्हणून वरच्या कामाला आम्ही लोडची फळी टेम्पोत घालून नेतो आणि तिथेच तपासतो.

कितीतरी जनरेटर बिघडलेले नसतातच. दोन केव्हीए क्षमतेच्या मशीनवर फ्रिज चालू असताना एक एचपीची मोटर लावली तर ती बसणारच. मोटर चालताना हजार-अकराशे वॉट घेते, पण उठताना कित्येक पट करंट ओढते. अशा वेळी बिल करत नाही, कुठली वस्तू आधी चालू करायची ते लिहून देतो. मोटर आधी, फ्रिज नंतर, एवढ्यानंही काही घरांचं भागतं. उरलेल्यांना मोठं मशीन लागतं हे स्पष्ट सांगतो.

अलीकडे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं काम वाढवलंय. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि पांढरट थर सापडतो. पावसाळा संपल्यावर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. फुकटचा उपाय आहे, आणि आम्ही तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

एका बाबतीत आम्ही अडून बसतो. पाऊस आहे म्हणून जनरेटर बंद व्हरांड्यात किंवा खोलीत लावून मागितला तर ते काम घेत नाही. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेत माणूस दगावतो. घरापासून लांब, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, आणि जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची लाइन एकाच वेळी जोडली जात नाही. सध्या मे महिन्यात आगाऊ तपासणी करून देतो; येताना घरात काय काय चालवायचं आहे त्याची यादी तेवढी आणा.